थोड्यांचं अनेकवचन

ती कामावरून परतली तेव्हा दार सरांनीच उघडलं, आणि एका हाताने चौकट धरून, दुसरा हात आतल्या बाजूला करत ते म्हणाले, "या. सगळ्याजणी आत या." तिनं मागे वळून पाहिलं. जिन्यावर कुणी नव्हतं. खाली कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं, तेवढाच आवाज. सरांच्या आजारपणानंतर ती आज पहिल्यांदाच कामावर गेली होती. दिवसभर मुलगी येऊन बसली होती आणि आई कोपऱ्यावर पोचल्याचा फोन आल्यावर निघाली होती. मधला थोडा वेळ काय तो सर एकटे होते. तिला वाटलं, चेष्टा करताहेत. चेष्टा सुचण्याइतकं बरं वाटत असेल तर चांगलंच आहे. ती आत आली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. पण सर दार लावेनात. पाहुणे एकेक करून आत येताना यजमान त्यांना डोळ्यांनी पोचवतो तसे ते बघत राहिले, कुणाला तरी वाट द्यायला जरा मागे सरकले, आणि मग सावकाश कडी घातली.  तरी ती म्हणाली, "चहा टाकू ना?" सर म्हणाले, "टाक. पण कप पुरतील का बघ."

नवऱ्याला अख्खं शहर सर म्हणायचं आणि बाहेरच्यांशी बोलताना तीही सरच म्हणायची. घरात नुसतं अहो. सर अरबी शिकवायचे. बाहेरगावी नोकरीला जाणारे, दोन-चार हौशी, एखादा जुनी कागदपत्रं वाचू बघणारा, असे विद्यार्थी संध्याकाळी पुढच्या खोलीत चटईवर बसायचे, आणि ती आत पोळपाटाशी नाहीतर शिलाईशी. भिंत पातळ होती. शिकायला ती कधी बसली नाही, पण इतकी वर्षं एकच धडा कानावर पडल्यावर तो अंगात मुरतोच. सगळ्यांची दांडी उडायची ती अनेकवचनाशी. सर सांगायचे, या भाषेत एकाचे अनेक करायच्या दोन रीती. एक साधी, शहाण्यासारखी: शब्दाला मागून शेपूट लावायचं. मुअल्लिम म्हणजे शिक्षक, मुअल्लिमून म्हणजे पुष्कळ शिक्षक. मूळ माणूस जागच्या जागी धडधाकट. दुसरी रीत मोडक्या अनेकवचनाची. तिथे बाहेरून काही लागत नाही. शब्द आतूनच मोडतो. अक्षरांचा सांगाडा तोच राहतो आणि सांगाड्यातली हवा बदलते. किताबचं होतं कुतुब. बैत म्हणजे घर, त्याची बुयूत. याच कुळातल्या दुसऱ्या एका भाषेचं बहुतेक शेपटावर भागतं, पण हिला मोडल्याशिवाय चैन पडत नाही. यामुळे मुलांनी सरांचं नाव मोडकेसर ठेवलं होतं, आणि नवीन आलेले ते आडनावच समजून दारावर मोडके कुठे राहतात म्हणून विचारायचे. सरांना त्याची गंमत वाटायची. ते म्हणायचे, तुम्ही रोज मोडकी अनेकवचनं बोलता, तुम्हाला पत्ता नसतो. औलाद अनेकवचन. असामी अनेकवचन, नुसतं नाही, अनेकवचनाचं अनेकवचन. असामी म्हणजे नावं, ढीगभर नावं, आणि आपण एका माणसाला म्हणतो, काय असामी आहे. त्या बिचाऱ्याला कल्पना नसते आपल्या आत किती जण बसलेत.

त्या संध्याकाळी चहा पिताना सरांनी तिला समजावून सांगितलं. ते घाबरलेले नव्हते. उलट जरा कानकोंडे झाले होते, बायकोच्या माहेरची माणसं न कळवता आल्यावर व्हावेत तसे. म्हणाले, दिसताय खऱ्या. तू आहेस, आणि तुझ्यासोबत आणखी आहेत. सगळ्या तूच. पण एकीसारखी दुसरी नाही. तिनं कपातलाच चहा बघत विचारलं, किती आहेत? सरांनी खोलीवरून नजर फिरवली आणि एकच शब्द म्हणाले, "अन्फुस." तिचा कप बशीवर वाजला. नफ्स म्हणजे जीव, आपण स्वतः. त्याची मोडकी अनेकवचनं दोन: थोड्यांचं वेगळं, पुष्कळांचं वेगळं. अन्फुस हे थोड्यांचं. तीनपासून दहापर्यंत चालतं, हे ती झोपेतही सांगू शकली असती.

डोक्याच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि समंजस होत्या. त्यांनी सरांच्या डोळ्यांपुढे पेन हलवलं, तळपायावर किल्ली ओढली, पुन्हा एकदा मेंदूचा फोटो काढायला लावला. झटका सौम्य होता, पण पाहिलेलं जिथे जुळवलं जातं तिथे थोडी सूज आहे, त्यामुळे एकाची अनेक चित्रं उमटतात. गोळ्या देते, हळूहळू ओसरेल. मुलगी शेजारी बसून सगळं लिहून घेत होती. मुलगी व्यवहारी होती, दुःखाचंसुद्धा वेळापत्रक करणारी. तिनं विचारलं, मग फक्त आईच अनेक का दिसते? मी आले तर मी एकटीच दिसते, खुर्ची एकटीच दिसते. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, ज्याला आपण सर्वात जास्त पाहिलेलं असतं तेच आधी फुटतं बहुधा. बाहेर अहवाल घेताना तिला भिंतीपलीकडून यावा तसा सरांचा आवाज आठवला: हाल म्हणजे अवस्था, अहवाल म्हणजे अवस्था, अवस्था, अवस्था. तिनं तो दुमडून पर्समध्ये ठेवला.

माणूस कशालाही सरावतो. सर सकाळी उठून सगळ्यांना विचारायचे, झोप लागली का. एकीचे केस कापलेले होते. सर म्हणाले, तिला ते शोभतात. (तिनं लग्नाआधी एकदा केस कापायला खुर्चीत बसून, कात्री बघून, उठून पळ काढला होता.) एक सारखी हसायची. एक कुणाशी बोलत नव्हती, नुसती हात धूत बसायची. हे ऐकून ती स्वतः सरांवर चिडायची, मग त्यांच्या थरथरत्या डाव्या हाताकडे बघून गप्प व्हायची. पण अंगाला हळूहळू कळायला लागलं. दारातून जाताना ती खांदा चोरून जायला लागली. पलंगाच्या अगदी कडेला झोपायला लागली. आरशापुढे उभं राहिल्यावर, मागून कुणीतरी आरसा मोकळा व्हायची वाट बघतंय असं वाटून पटकन बाजूला व्हायची. आणि सर हसणाऱ्या त्या एकीकडे बघायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते हिनं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. स्वतःचाच मत्सर वाटणं ही काय भानगड आहे हे ती कुणाला सांगणार?

कामावर बरं वाटायचं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. कारखाना कसला, दोन खोल्या, एक भट्टी, खिडकीशी तिचं टेबल. दवाखान्यातून जबड्यांचे ठसे यायचे. ठशात प्लास्टर ओतायचं, थापटून बुडबुडे काढायचे, घट्ट झालं की जबडा बाहेर. त्यावर मेणाची हिरडी आणि एकेक दात. मांडणीवर पांढरे जबडे ओळीनं बसलेले असायचे, न बोलणारे, तोंडं उघडी. एका ठशातून दोन काढले तर दोन्ही हुबेहूब. याला म्हणतात अनेक, तिला वाटायचं. शेपटाचं, शहाण्यासारखं अनेकवचन. कुणी मोडत नाही, कुणी बदलत नाही. मालक तिला ताई म्हणायचे आणि अवघड जबडा आला की तिच्यापुढे ठेवायचे.

दारापाशी आणखी एक येऊन उभी राहिली, ती एका रविवारच्या आदल्या दिवशी. दुपार होती. सर आरामखुर्चीत, ती खाली बसून निवडण करत होती. सरांनी मान वर केली. म्हणाले, "ही नवीन आहे. बसत नाही. हातात बॅग आहे, राखी रंगाची. चेन तुटलीय वाटतं, पिना लावल्यात."

तिची बोटं ताटातच थांबली. ती बॅग भंगारवाल्याकडे गेल्याला किती वर्षं झाली. आणि ती पाहिलेलं माणूस या घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ती बॅग भरली तेव्हा भांडण झालं नव्हतं. जेवताना ती एका म्हाताऱ्याच्या कवळीची गंमत सांगत होती. म्हातारा चुकून बायकोची कवळी घालून आला होता आणि म्हणत होता, आज बोलताना मीच मला टोचतोय. सरांनी मध्येच तिचा एक शब्द दुरुस्त केला. रागानं नव्हे, सवयीनं. ती थांबली. गंमत अर्धीच राहिली, आणि ती अर्धी राहिल्याचं सरांच्या लक्षातही आलं नाही. ते पुढचा घास कालवत राहिले. एवढंच. पण त्या रात्री तिला झोप आली नाही. दुसऱ्या एका शहरातून कामाचं बोलावणं आलं होतं, स्वतःचं टेबल, राहायला खोली. सर दुभाष्याच्या कामाला गेल्यावर तिनं कपडे भरले आणि बसस्थानकावर जाऊन बाकावर बसली. पोटात तेव्हा मूल होतं. अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याइतकं ते तिचंही झालं नव्हतं. गाडी लागली. कंडक्टरनं विचारलं, येताय का ताई? तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. नाही म्हणायचं होतं की हो, तेही तिला आज सांगता आलं नसतं. गाडी गेली. ती घरी आली, कपडे पुन्हा घडीवर घडी लावून ठेवले, आणि संध्याकाळी सरांना गरम वाढलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?" सरांनी इतक्या भाबडेपणानं विचारलं की ती त्यांच्याकडे बघतच राहिली. आयुष्यभर त्यांना खोटं बोलता आलं नव्हतं. विद्यार्थी नापास झाला तर त्याच्याआधी सरांचाच चेहरा पडायचा.

तिनं ताट बाजूला सारलं. दाराकडे बघायचा धीर होईना. "तिला विचारा, कुठून आली."

सरांनी दाराकडे मान कलती करून ऐकलं. ते दुभाष्याचं काम करायचे तेव्हा अशीच कलती करायचे. "गाडी वेळेवर सुटली म्हणते. तिकडे बरं चाललंय. स्वतःचा कारखाना आहे म्हणते, लहानसा."

"सुखी आहे का?"

"हा काय प्रश्न झाला, म्हणते."

हे अगदी तिचंच उत्तर होतं.  विचारू नये असं वाटत असतानाच तिनं विचारलं, "मुलगी कशी आहे विचारा."

सरांनी पुन्हा दाराकडे मान कलती केली. दोनदा त्यांनी भुवया उंचावल्या, नीट ऐकू न आल्यासारख्या. मग ते तिच्याकडे वळले, आणि भाषांतर चुकू नये म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "ती विचारते, कुठली मुलगी?"

दुसऱ्या दिवशी मुलगी नेहमीप्रमाणे रविवारची आली. तिनं गोळ्यांच्या डब्या तपासल्या, पंख्याची पाती पुसली, बाबांची नखं काढली. आई तिच्या मागं मागं फिरत होती. पाठीवरून हात फिरव, बाही नीट कर, कपाळावरचे केस मागे घे. शेवटी मुलगी म्हणाली, आई, काय झालंय तुला, मी काय परदेशी चाललेय का? तिला सांगायचं होतं की तू या जगात आहेस ती कुणाच्या ठरवण्यानं नाही, एका न फुटलेल्या आवाजानं आहेस. पण ती म्हणाली, "वाळलीस गं." मुलीनं हसून डबा भरायला घेतला. सर खुर्चीतून मुलीकडे बघत होते. आणि मुलगी दारातून बाहेर पडताना त्यांनी घाईनं बॅगवालीला खूण केली, जरा बाजूला हो म्हणून.

त्यानंतर काही दिवसांनी मालक बाहेरून आले, टोपी काढली आणि तिला टेबलाशी बघून थबकले. म्हणाले, तुम्ही परत आलात होय? तिनं विचारलं, कुठून? मालक म्हणाले, आत्ता बसस्थानकावर दिसलात की. बॅग होती हातात. मी हाकही मारली, ताई म्हणून. तुम्ही बघितलंत आणि ओळख दिली नाहीत. मला वाटलं सरांचं काही कमीजास्त झालं. ती म्हणाली, दुसरं कुणी असेल. मालक म्हणाले, असेल बुवा, एकासारखी एक माणसं असतात. आणि घासायच्या यंत्राकडे गेले. तिच्या समोर अर्धी झालेली कवळी होती. तिनं पुढचा दात उचलला, मेणात टेकवला, आणि तिच्या लक्षात आलं की तो कुठला दात हे तिला आठवत नाही. इतकी वर्षं बोटांनी पाठ केलेलं तोंड, आणि दात नुसता पांढरा खडा होऊन बोटांत राहिला. तिनं मालकांना सांगितलं, बरं वाटत नाही, जाते.

घरी दार उघडंच होतं. शेजारीण सरांजवळ बसून होती, ती हिला बघून उठली आणि जरा लगबगीनंच निघून गेली. सर आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसले होते, पाणी शिरलेल्या घरात माणूस बसतं तसे. त्यांच्या कपाळावर घाम होता. या सगळ्या आजारात ती पहिल्यांदाच त्यांना भ्यालेलं पाहत होती. तिनं जवळ जाऊन हात धरला तर त्यांनी तो आधी नीट बघितला, बरोबर कुणाचा आहे याची खात्री करत. मग म्हणाले, "नुफूस."

 पुष्कळांचं अनेकवचन. दहाच्या पुढे, आणि पुढे किती याला व्याकरणात मर्यादा नाही. सर पुटपुटत होते: खिडकीत आहेत, पलंगावर आहेत, मोरीच्या दाराशी उभ्या आहेत, एकमेकींच्या अंगातून चालताहेत, काही म्हाताऱ्या आहेत, काही इतक्या लहान की मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही, आणि सगळ्या मला विचारताहेत की ती कुठली. "आणि तुम्ही काय सांगितलंत?" तिनं विचारलं. सर रडायला लागले. म्हणाले, बाईला अरबीत इम्रआ म्हणतात. बायका म्हटलं की निसा. बघ, मूळ शब्दाचं एक अक्षरसुद्धा राहत नाही. इतकी वर्षं शिकवलं, पण ती एक बाई गेली कुठे, हे कुणी पोरानं विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तिनं त्यांचं डोकं पोटाशी धरलं. खोलीत उन्हाचा एक पट्टा आणि त्यात उडणारी धूळ यापलीकडे काही नव्हतं. तरी तिला श्वास घ्यायला जागा पुरेना. गर्दीत घ्यावा तसा तो वर मान करून घ्यावा लागत होता.

डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली, सरांना चार दिवस दवाखान्यात ठेवलं. नवी गोळी लागू पडली. गर्दी ओसरली, सर पुन्हा अन्फुस म्हणायला लागले. मग एकेक जायला लागली. केस कापलेली गेली. गप्प बसून हात धुणारी गेली. जाताना त्या सरांना सांगून जायच्या आणि सर मान डोलवायचे. मुलीनं पेढ्याची गोष्ट काढली, डॉक्टरीणबाईंना काहीतरी द्यायला हवं म्हणाली. सगळे आनंदात होते, आणि तिलाही आनंद होतच होता. फक्त प्रत्येक वेळी तिच्यातलं काहीतरी सुटं व्हायचं. हसणारी गेली त्या दिवशी तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी ते दोघं कुठे फिरायला गेले होते ते आठवेना. पाणी होतं की डोंगर होता, तेही नाही. एकदा तर भर रस्त्यात ती आपल्या घराचा मजला विसरली, आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या मोजत उभी राहिली, जणू कुणीतरी वरून हात करील. तिनं सरांना विचारलं, आता किती? सर म्हणाले, "नफ्सान." दोघी. त्या भाषेत दोघांसाठी वेगळं वचन असतं. तिथे काही मोडत नाही, शेपूट लागतं. तिला बरं वाटलं. दोघी म्हणजे मी आणि ती. दोघींत एक तर मी असणारच. त्या दिवशी सरांनी तिला सांगितलं की दाराशी उभी असायची ती अखेर बसली. खिडकीजवळच्या खुर्चीत, बॅग पायाशी ठेवून.

मग एका सकाळी सर उठले, चूळ भरली, आणि त्यांचा जुना आवाज परत आला, वर्गात हजेरी घेतानाचा. म्हणाले, वा, आज अगदी स्वच्छ दिसतंय. एकच. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच?" ती म्हणाली. सर खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघून हसत होते. "किती दिवसांनी निवांत बसलीस," ते म्हणाले.

तिनं दोनतीनदा हाक मारली. अहो. अहो, इकडे. सरांचा चेहरा वळायचा, नळ टपकत असला तर वळतो तसा, आणि पुन्हा खुर्चीकडे जायचा. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, तर त्यांनी पलीकडचं दिसावं म्हणून मान जरा बाजूला केली. ते खुर्चीशी बोलत होते. कारखान्याचं विचारत होते, किती माणसं आहेत, भाडं किती. आणि मध्ये मध्ये थांबून, पूर्ण ऐकून घेत होते. कुठलाही शब्द दुरुस्त करत नव्हते. एका जागी तर ते मनमुराद हसले. बहुतेक म्हाताऱ्याच्या कवळीची गंमत पुरी झाली होती.

बेल वाजली. रविवार होता हे ती विसरूनच गेली होती. सर तिच्या आधी उठले, काठीशिवाय, आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर मुलगी उभी होती, हातात फळांची पिशवी.

"कोण हवंय आपल्याला?" सर म्हणाले.

मुलीला आधी हसू आलं. बाबा, मी, असं ती म्हणाली, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू तसंच राहिलं, काढायचं विसरून. सर अदबीनं उभे होते. नव्या विद्यार्थ्याशी ते असेच वागायचे. त्यांनी मागे वळून खिडकीकडे विचारलं, तुझ्याकडे कुणी येणार होतं का? थोडं ऐकलं. "नाही म्हणते," ते मुलीला हळुवारपणे म्हणाले. "घर चुकलं असेल तुमचं. होतं तसं, या इमारती सगळ्या सारख्याच आहेत."

मुलीनं त्यांच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं. तिला आई दिसत होती. ते कळल्यावर आई पुढे झाली. ती सरांच्या बाजूनं बाहेर गेली; सरांनी अंग चोरून वाट दिली. जिन्याच्या चौकात जाऊन ती मुलीच्या शेजारी उभी राहिली, मुलीचा हात हातात घेतला आणि नवऱ्याकडे तोंड करून म्हणाली, "ही माझी मुलगी. लांबून आलोय आम्ही. जरा टेकू द्याल का?"

आवाज फुटला, याचंच तिला नवल वाटलं. सरांनी दोघींना न्याहाळलं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, एखादा शब्द कुठेतरी वाचलाय पण आठवत नाही असं झाल्यावर यायची ती. क्षणभर राहिली आणि गेली. मग त्यांनी आत मान वळवून ऐकलं आणि ते बाजूला झाले. "बसा म्हणते. उन्हातून आलेल्या दिसतात."

दोघी आत गेल्या आणि पलंगाच्या कडेवर, परक्याच्या घरी बसतात तशा गुडघे जुळवून बसल्या. मुलीचा हात गार पडला होता. ती कुजबुजली, आई, मी डॉक्टरांना फोन लावते. आईनं मान हलवली, लाव म्हणून, पण हात सोडला नाही. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. निदान पाणी तरी आणावं म्हणून ती उठायला लागली, तेव्हा सरांनी हात वर करून तिला थांबवलं.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "ती गेलीय चहा टाकायला."

स्वयंपाकघरात नळ सुटला, आणि भांड्यात पाणी पडायला लागलं. तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगीही तिकडेच बघत होती.